समोरून शिकलेला नाच

४ मार्च

दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं, ते दाराच्या फटीतून आपलं आपण आत येतं. मग ते फरशीवरून उचलायचं की पायानं बाजूला सारायचं, ते तुझं तू बघ. पण पाकिटावरचं अक्षर तू ओळखणार, आणि ओळखलंस की वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही. लहानपणापासून ओळखते तुला.

आईला म्हटलं, रविवारी दादाशी बोलशील तेव्हा माझा एक निरोप सांग. ती म्हणाली, मी तुमचं टपालखातं नाही, दोघांना तोंडं दिली आहेत ना? तर हे माझं तोंड.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला शेवटपर्यंत तिची वाट बघत बसायला नको. मी माफी मागायला लिहीत नाहीये. आपली नाचाची जोडी मी मोडली, हे खरं. दौरा ठरला होता, पोस्टरं छापून झाली होती आणि मी जाऊन चित्रांच्या शाळेत नाव घातलं, हेही खरं. पण त्यात माझं काही चुकलं, असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आता कानामागे पांढरं दिसायला लागलं तरी वाटत नाही. मला नाच काढायचा होता. कागदावर. तुला तो पोरखेळ वाटला. तू बोलणं टाकलंस, मीही हट्टानं टाकलं. आपण दोघं एकाच आईची.

सध्या माझं उत्तम चाललंय. स्वतःचा स्टुडिओ आहे, उजेड भरपूर, खिडकीबाहेर झाड. एक छोटा चित्रपट करतेय, हातानं काढलेल्या चित्रांचा. एक माणूस एका रिकाम्या खोलीत नाचतो, एवढंच त्यात आहे. तो माणूस तू नाहीस. उगाच खूश होऊ नकोस.

त्यातला एक तुकडा वहिनीच्या फोनवर पाठवलाय. आपला पहिला नाच आहे, तू मला शिकवलेला. वेळ झाला तर बघ. नाही बघितलास तरी माझं काम थांबत नाही.

भिंगरी


२ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. म्हणजे होती, पण ती आईला दिसू दिली नाही.

मागच्या पत्रात थोड्या थापा मारल्या. वहिनीनं तुला एव्हाना सांगितलंच असेल, म्हणून आता खरं लिहिते. स्टुडिओ म्हणजे आईच्या घराची मागची खोली. उजेड भरपूर हे खरं, कारण छपराचा एक पत्रा काढून तिथे काच बसवून घेतलीये. झाड शेजाऱ्यांचं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथला हातोडा कुठल्याच तालात नसतो. जेवायचं टेबल माझ्या ताब्यात आहे आणि आई ताट मांडीवर घेऊन जेवते. जेवताना ती माझ्याकडे बघते ते तुला पत्रातून दाखवता येणार नाही.

कंपनीतली नोकरी सोडून बराच काळ झाला. तुला माझ्या कामाचं काहीच ठाऊक नाही, तेव्हा थोडक्यात सांगते. मला पहिलं काम मिळालं ते टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या दाताचं. दात नाचवायचा होता. सगळ्यांनी हात टेकले होते, कारण दाताला गुडघे नसतात. मी म्हटलं, गुडघे नसले तरी वजन असतं. उडी मारायच्या आधी तो जरासा खाली बसला पाहिजे, श्वास घेतल्यासारखा. मग उडाला की बघणाऱ्याला पटतं. हे मला चित्रांच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. ते तू शिकवलंस, पाठीत धपाटे घालून.

दातानंतर झाडू आला, झाडूनंतर बस, बसनंतर विमा कंपनीची छत्री. नाचायचं काही असलं की ते माझ्या टेबलावर. बाकीचे लोक नाचणाऱ्या माणसाचं चित्रीकरण समोर ठेवून त्यावरून रेघा ओढायचे. मी खुर्ची मागे सारून उठायचे, ती हालचाल स्वतः करायचे, वजन कुठून कुठे जातं ते बघायचे आणि मग बसून काढायचे. वरून गिरवलेला नाच तरंगतो. त्याचे पाय जमिनीला लागतात, पण जमीन त्यांना लागत नाही. ऑफिसात सगळे मला हसायचे आणि अडलं की माझ्याकडेच यायचे.

मग मालकांनी ठरवलं की नाचणाऱ्याच्या अंगाला बटणं चिकटवायची, बाकीचं यंत्र करेल. मला म्हणाले, तुम्ही फक्त शेवटी एकदा हात फिरवा. मी हात जोडले आणि बाहेर पडले. तेव्हापासून मी स्वतंत्र. स्वतंत्र म्हणजे शाळांसाठी बेडकाचा जीवनक्रम काढायचा, दवाखान्यासाठी हात धुवायची पद्धत काढायची, आणि उरलेल्या वेळात आपलं.

आपलं म्हणजे हा चित्रपट. कागदाला वर भोकं असतात, ती पट्टीवरच्या खुंट्यांवर बसवायची म्हणजे कागद हलत नाही. खालून दिवा. आधी मुख्य चित्रं काढायची, पाय उचलला ते आणि पाय पडला ते. मग त्यांच्या मधली. मग गठ्ठा बोटांत धरून फडफडवायचा आणि तो माणूस हलतो का ते बघायचं. पुष्कळदा नुसता कागदच हलतो. पुन्हा काढायचं. एखाद्या दुपारी तो माणूस खरंच पाय टाकतो, आणि मग मी उठून उगाच घरभर फिरून येते. आई विचारते, हलला का? मी म्हणते, हलला. ती म्हणते, मग आता टेबल दे.

तो माणूस तूच आहेस. त्याचा भांग तुझा आहे, आणि गिरकी घेताना तो जीभ दातांत धरतो. कुणीही ओळखेल. ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं?

भिंगरी


१९ एप्रिल

दादा,

काल वहिनीनं तुझा निरोप कळवला. 'सगळं उलटं आहे.'

एवढ्या वर्षांनी भावानं बहिणीशी बोलावं आणि हे बोलावं! आई म्हणते, निदान बोलला तरी. मी म्हणते, यापेक्षा मुका बरा होता.

कशात उलटं? काय उलटं? तू चित्रातलं काय जाणतोस? तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून मी दिवसभर स्कॅनरवर संशय घेतला, कागदावर घेतला, वहिनीच्या फोनवरही घेतला. नाचता येईना, अंगण वाकडं, तसं चाललंय.

पत्र लांबवत नाही. मला अजून शाळेच्या त्या बेडकाची शेपटी गाळायची आहे.

भिंगरी


२७ एप्रिल

दादा,

तुझं बरोबर होतं. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

त्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल सरकवलं, खोलीच्या मध्ये उभी राहिले आणि पहिला नाच करून बघितला. अंगाला तो अजून आठवतो, माझ्यापेक्षा नीट. माझा उजवा पाय पुढे पडला, गिरकी उजवीकडून. मग चित्रं बघितली. तुझा डावा पाय पुढे, गिरकी डावीकडून. एका ठिकाणी नाही, सगळीकडे. सगळी मेहनत पहिल्या कागदापासून उलटी. मी खाली बसले ती बराच वेळ तिथेच बसले.

तशी ही चूक सुधारायला काही लागत नाही. संगणकात एक बटण आहे, ते दाबलं की चित्र आरशात धरल्यासारखं फिरतं. दाबलं. नाच अगदी बिनचूक झाला. भांग दुसऱ्या बाजूला गेला, खिडकी दुसऱ्या भिंतीवर गेली, ते पुन्हा काढता आलं असतं. पण तो तू राहिला नाहीस. कुणीतरी चांगला नाचणारा माणूस झाला, प्रेक्षकांकडे तोंड करून. मी त्याला ओळखत नव्हते. असं का होतंय ते मला कळेना, आणि कळल्याशिवाय पुढे पेन्सिल लावायची नाही असं ठरवून मी नुसत्या पेन्सिली तासत बसले.

कोडं आईनं सोडवलं, धुतलेल्या चादरींच्या घड्या घालता घालता. चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन तिच्या. मी तिला सांगितलं, दादाचा मी काढलेला नाच उलटा आहे. ती म्हणाली, "मग तो तुला उलटाच नाचून दाखवायचा. तू समोर उभी राहायचीस आणि त्याच्या उजव्याला डावा टाकायचीस. सारखी रडायचीस. मग त्यानंच सगळा नाच उलटा बसवला, तुला नुसतं बघून करता यावं म्हणून. एक अख्खी सुट्टी त्यात घालवली त्यानं. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं, दादा. मला वाटायचं तो नाच तसाच आहे. मी नुसती तुझ्याकडे बघायचे आणि माझं बरोबर यायचं, आणि मला वाटायचं मी हुशार आहे.

आणि स्टेजवर आपण शेजारी शेजारी असायचो. जोडीत नाचणाऱ्याला जोडीदार दिसत नाही, नुसता डोळ्याच्या कोपऱ्यात जाणवतो. म्हणजे तू जो सरळ नाच नाचायचास तो मी कधी बघितलाच नाही. तो गावानं बघितला. हा उलटा फक्त मी बघितलाय, आणि तो तू फक्त माझ्यासाठी नाचलास.

बटण पुन्हा दाबलं आणि तू परत आलास. आता नाच तसाच उलटा राहणार.

भिंगरी


१४ मे

दादा,

तुला एक बातमी द्यायची आहे. चांगली की वाईट ते अजून ठरत नाहीये.

एक मोठी संस्था आहे, निवडक छोटे चित्रपट घेते, त्यांना आवाज-संगीत करून देते आणि आपल्या सगळ्या चित्रगृहांत दाखवते. माझ्यासारख्या मागच्या खोलीतल्या माणसाला याहून मोठं दार नाही. त्यांना माझा चित्रपट आवडला होता. हे मी तुला आधी लिहिलं नाही, कारण नजर लागेल असं आईला वाटत होतं. मला वाटत नव्हतं, पण मीही लिहिलं नाही.

परवा बोलावलं. लांब टेबल, पाण्याचे पेले, त्यांवर कागदाच्या टोप्या. निवडीचं काम बघणाऱ्या चष्मेवाल्या बाई अगदी मायेनं बोलल्या. शेजारी एक नृत्यतज्ज्ञ बसले होते. त्यांनी तुझ्यासारखंच एका नजरेत ओळखलं, पण तुझ्यापेक्षा पुष्कळ जास्त शब्दांत सांगितलं. परंपरा, शुद्धता, तरुण पिढीची दिशाभूल. मी त्यांना समोर उभं राहून शिकवायची गोष्ट सांगितली. चष्मेवाल्या बाईंचे डोळे भरून आले, खोटं नाही. मग त्या डोळे पुसून म्हणाल्या, "किती गोड आहे हे. पण बघणाऱ्याला ते कसं कळणार? त्याला नुसता चुकीचा नाच दिसणार. एका बटणाचं काम आहे हो, हट्ट कशाला करता?"

मी म्हटलं, "ते बटण मी दाबून बघितलंय. त्यातून माझा भाऊ जातो."

पुढे फारसं काही झालं नाही. त्यांनी सांगितलं, फिरवून दिलं तर घेऊ, नाही तर यंदाची यादी भरली आहे. मी उठले. जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर बस थांब्यावर बसले आणि माझ्या बसगाड्या एकामागून एक जाऊ दिल्या. मला ते दार हवं होतं, दादा. फार हवं होतं. जन्मभर दात आणि झाडू नाचवले ते कधीतरी माझं स्वतःचं काही मोठ्या पडद्यावर दिसेल म्हणून. आता ते कुठे दिसेल, दिसेल तरी का, मला माहीत नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, भिंत दिसली की डोकं आपटायची सवय तुम्हा दोघांचीच. मग तिनं चहा केला आणि स्वतःहून ताट मांडीवर घेतलं.

त्यांचं एक म्हणणं मात्र डोक्यात राहिलंय. बघणाऱ्याला कसं कळणार? पण चित्रपट मी पुरा करणार आहे. त्यांच्यासाठी नाही, आणि तुझ्यासाठीही नाही, फार हवेत जाऊ नकोस. मी तो सुरू केलाय म्हणून.

भिंगरी


६ जून

दादा,

आता कामाचं पत्र. तुझ्याशी भांडण आहे ते जागच्या जागी राहू दे, मला तुझे पाय हवेत.

चित्रं होत आली आहेत. आवाज लावायचा आहे. आवाज म्हणजे संगीत नाही, नुसते पाय, लाकडावर. माझा एक मित्र आहे, आम्ही त्याला कानसेन म्हणतो. त्याला गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण शेजारच्या खोलीत कुणी कुठली चप्पल घातली ते ऐकून सांगतो. कंपनीत माझ्या दाताला त्यानंच आवाज दिला होता. हेही काम तो मैत्रीखातर करतोय, आणि मैत्रीखातर करणारे लोक जास्त टाकून बोलतात.

एका नाचाच्या वर्गातली चांगली मुलं बोलावली. फळ्या टाकल्या, मुलं नाचली, आवाज स्वच्छ आला. चित्रावर ठेवला तर बसेना. मी आवाज केसभर मागे घेतला, कारण डोळ्याला पाय आधी पडलेला लागतो आणि कानाला मग. तरी बसेना. कानसेन म्हणाला, "यांचे पाय बडवतायत. तुझ्या चित्रातला माणूस जपून टाकतोय. तो कुणाला तरी दाखवतोय."

त्याला मी काही सांगितलं नव्हतं, दादा. आपल्या घरातलं एक अक्षर नाही.

मग मुलांना डाव्या पायानं करायला सांगितलं. ती अडखळली, हसली, एकमेकांवर आदळली. त्यांना तो नाच उलटा येत नाही. मलाही येत नाही, मी करून बघितला. तो येणारा माणूस एकच आहे आणि तो फोन उचलत नाही.

सगळा नाच नको. पहिलं आवर्तन पुरे. तुझ्या नाचाच्या वर्गाची लाकडी फरशी आहे, वहिनीचा फोन आहे, रिकामी सकाळ एक शोध. मी समोर उभी आहे असं समज आणि कर.

भिंगरी


११ जून

दादा,

वहिनीनं स्वतः फोन केला. आवाज खाली ठेवून बोलत होती, म्हणजे तू शेजारच्या खोलीत होतास. माझं पत्र वाचून तू ते पालथं घातलंस आणि जेवला नाहीस, म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. उजवा गुडघा, शस्त्रक्रिया, ती नीट न बसणं. वर्ग कधीचा बंद, फरशीवर कुणाचीतरी कपाटं ठेवायला दिली आहेत. तू खिडकीशी बसतोस आणि कुणी नाचाचा विषय काढला तर उठून जातोस, म्हणजे उठायचा प्रयत्न करतोस.

आईला सगळं माहीत होतं. दर रविवारी माहीत होत होतं. तिघं मूग गिळून बसलात आणि मी इथे तुला दाताच्या गुडघ्यांचे विनोद लिहून पाठवतेय. ते पत्र तू वाचलंस तेव्हा तुझं काय झालं असेल, ते मनात आलं की मला कागद फाडावासा वाटतो. आईवर मी ओरडले. ती म्हणाली, त्यानं शपथ घातली होती, तुझ्या कानावर जाऊ द्यायचं नाही. मला वाईट वाटलं, आणि त्याच्या दुप्पट राग आला. मी जोडी मोडली म्हणून तू बोलणं टाकलंस, ते मी समजू शकते. पण तुझं एवढं मोडलं तेही मला सांगायचं नाही?

तुला वाटत असेल, आता ही 'बिचारा दादा' म्हणेल आणि मागणं मागे घेईल. मुळीच नाही.

नीट वाच. सरळ नाचात वजन उजव्यावर पडतं. उलट्यात सगळे मोठे ठोके डाव्यावर आहेत, उजवा नुसता मागून येतो. डावा गुडघा शाबूत आहे, वहिनीला विचारून घेतलंय. म्हणजे सरळ नाच गेला असेल, हा नाच गेलेला नाही. भिंत धर. खुर्ची धर. वहिनीचा खांदा धर. एका ठोक्यानंतर थांबलास तरी चालेल. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि तू चालत नाहीस, हेही मला कळलंय.

जमणार नसेल तर तसं कळव. मी दुसऱ्या कुणाचे पाय लावणार नाही, चित्रपट मुका जाईल. मला ते चालणार नाही, पण मी ते करेन. तू मला ओळखतोस.

भिंगरी


२ जुलै

दादा,

आवाज पोचला.

कानसेनच्या खोलीत ऐकला. आधी कपाटं सरकवल्याचे आवाज, मग वहिनी म्हणते, झालं सुरू. मग बराच वेळ काहीच नाही. कानसेन म्हणाला, फोन बिघडला असेल. मी म्हटलं, थांब, तो श्वास घेतोय.

मग तुझा डावा पाय पडला. तोच, जपून टाकलेला. माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला, या वयात. आणि मग उजवा. तो वेळेवर आला नाही. लाकडावरून घासत आला, टेकला, त्यावर तू जरा थांबलास, मग पुन्हा डावा. सबंध आवर्तन तसंच. मध्ये एकदा खुर्ची करकरली. एकदा तू काहीतरी पुटपुटलास, ते मला शिवीसारखं वाटलं. पण तू पुरं केलंस. अर्ध्यावर सोडलं नाहीस.

चित्रावर ठेवून बघितलं. डावा नेमका बसतो. उजवा चित्रात पडून जातो आणि आवाज मागून येतो. कानसेननं माझ्याकडे न बघता सांगितलं की घासल्याचा आवाज कापता येईल, उशिरा आलेला पाय पुढे सरकवता येईल, एका दुपारचं काम आहे, कुणाला कळणार नाही. बोलताना त्यानं आवाज बंद केला नव्हता, म्हणून पुढचं ऐकू आलं. तुला वाटलं असेल, फोन बंद झाला. वहिनी विचारते, परत करायचं का? तू धापा टाकतोयस. मग म्हणतोस, "नको. बिघडलंय, पण असंच पाठव. ती घेईल सांभाळून."

मी रडले. कानसेनच्या देखत रडले, लपवत नाही. त्यानं खिडकी उघडली आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला.

जोडीत एकाचा पाय चुकला की दुसऱ्यानं असं नाचायचं की चूक झालीच नाही, हा तुझा नियम. पण आपल्यात चुकायचे ते मीच, सांभाळून घ्यायचास ते तू. तुझा पाय माझ्यावर सोपवायची वेळ कधी आली नव्हती.

कापायचं काही नाही. आवाज आहे तसा राहील, चित्रं बदलतील. सगळी, पहिल्या कागदापासून. आईला सांगितलं, टेबल आणखी वर्षभर मिळणार नाही. तिनं नुसता हात हलवला आणि रविवार नसतानाही तुला फोन लावायला गेली.

त्या माणसाचा उजवा पाय आता उशिरा येईल, घासत येईल. त्याचे केसही आता वहिनी सांगते तसे काढणार आहे. आणि खोलीत तो एकटा नसेल. त्याच्यासमोर आपल्याकडे पाठ करून एक बाई उभी असेल, त्याच्याकडे बघून नाचणारी. आजवर मी तिला काढलं नव्हतं. तिला कुठे उभं करायचं ते मला कळत नव्हतं. तुझा डावा, तिचा उजवा. आता बघणाऱ्याला कळेल.

तुझ्या पायाला वेळ लागतो तिथे ती तिचा पाय उचलून धरते. हे काढायच्या आधी आज सकाळी उठून करून बघितलं. पहिल्यांदा तोल गेला, टेबल धरलं. दुसऱ्यांदाही गेला. मग जमलं.

तू घे तुझा वेळ. तुझा टेकला की मी माझा टेकवते.

भिंगरी